थंडी न पडणाऱ्या किनाऱ्यावर कोलार्डची लागवड

गुहागर तालुक्यातील एका भगिनींनी कोलार्ड या पालेभाजीविषयी विचारणा केली आहे. त्यांच्या घरामागे नारळी-पोफळीच्या आगराला लागून दोन-तीन गुंठे मोकळी जागा आहे, जमीन जांभ्याची आहे आणि विहिरीला मे महिन्यापर्यंत पाणी असते. अमेरिकेत राहणाऱ्या भावजयीने या भाजीची स्तुती करून बियांचे एक पाकीट आणून दिले. त्यावरच्या सूचना दव गोठण्याइतकी थंडी पडणाऱ्या प्रदेशासाठी आहेत आणि अशी थंडी पडल्यावरच पाने गोड होतात, असेही त्यावर छापलेले आहे. त्यांनी जूनमध्ये भेंडी-काकडीबरोबर थोडे बी टाकून पाहिले. ते चार-पाच दिवसांत उगवले, परंतु आषाढातल्या पावसात सारी रोपे मुळाशी कुजून आडवी झाली. आपल्या हवेत ही भाजी होते का, केव्हा लावावी, जमिनीला काय करावे, कीड कशी आवरावी आणि बी घरचे धरता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

कोलार्ड कोकणात होते, आणि चांगले होते. पाकिटावरच्या ज्या सूचनेने आपण चिंतेत पडलात ती थंडीची अट येथे दुय्यम आहे. आपल्याकडे या पिकाचा खरा शत्रू पाऊस आहे, आणि पावसाखालोखाल जांभ्या जमिनीची आम्लता. म्हणून सारा बेत थंडी केव्हा पडेल यावर न आखता पाऊस केव्हा उघडेल यावर आखावा. एवढे वेळापत्रक जमले की बाकीचे काम कोबी किंवा नवलकोल पिकवलेल्या कोणालाही अवघड जाणार नाही.

कोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली, केल आणि कोलार्ड ही सारी ब्रासिका ओलेरेसिया या एकाच वनस्पती-जातीची रूपे आहेत. कोलार्डला गड्डा धरत नाही. एका जाड, सरळ दांड्यावर मोठी, सपाट, निळसर झाक असलेली मेणचट पाने एकामागून एक येत राहतात. काश्मिरी घरांत रोज शिजणारा हाक याच गटातला आहे, आणि पोर्तुगालच्या काल्दो व्हेर्दे या सुपातली बारीक चिरलेली पानेही याच गटातली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तर ही घरोघरची भाजी आहे; साउथ कॅरोलायनाने २०११ मध्ये तिला राज्याच्या अधिकृत भाजीचा मान दिला. केनियात सुकुमा विकी या नावाने हीच किंवा हिच्या अगदी जवळची भाजी मुबलक पिकते, आणि विषुववृत्तावर पिकते तर कोकणात का पिकू नये, असा युक्तिवाद पुष्कळ जण करतात. हा दाखला मला पटत नाही, कारण तेथील लागवड बहुतांशी उंच पठारांवरची आहे आणि तिथल्या रात्री आपल्या पौषातल्या रात्रींपेक्षाही गार असतात. आपल्याला अधिक जवळचा दाखला फ्लोरिडाच्या दक्षिण भागाचा आहे. तेथे उन्हाळा दमट आणि पावसाचा, हिवाळा सौम्य आणि कोरडा असतो, आणि तेथील शेतकरी कोलार्डची लावणी पावसाळा ओसरताना सुरू करून हिवाळाभर चालवतात.

हे झाड मुळात दोन वर्षांच्या आयुष्याचे आहे. पहिल्या वर्षी पाने वाढतात, मग हिवाळ्यात कित्येक आठवडे साधारण १० अंश सेल्सिअसच्या खालची थंडी सोसल्यावर दुसऱ्या वर्षी फुलांचा दांडा येतो. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतही पहाटेचे तापमान १७-१८ अंशांच्या फारसे खाली उतरत नाही. दापोलीच्या पठारावर किंवा संगमेश्वर, लांजा या सह्याद्रीकडच्या भागात काही रात्री ते १२-१३ पर्यंत जाते, पण तेवढ्याने झाड फुलावर येत नाही. याचा तोटा बियांच्या बाबतीत होतो आणि त्याकडे शेवटी येतो. फायदा मात्र मोठा आहे: फुलावर न आल्यामुळे झाड पाने देतच राहते आणि तोडा महिनोन्महिने चालतो. त्यामुळे बियांच्या पाकिटावर ‘उशिरा फुलावर येणारे वाण’ असे ठळकपणे लिहिलेले असले तरी त्या गुणासाठी आपण जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

गोडीविषयी मात्र खोटी आशा नको. कडाक्याच्या थंडीत पानांतील पिष्टाची साखर होते आणि त्या साखरेने पेशींतील पाणी सहजी गोठत नाही. तीच साखर जिभेला गोड लागते. आपल्याकडे ते घडणार नाही. त्याऐवजी पाने कोवळी असताना तोडणे, झाडाला पाण्याचा ताण कधीही न पडू देणे आणि मुख्य बहर पौष-माघात येईल अशी लावणी करणे, एवढे आपल्या हातात आहे. तेवढे केल्यास पानांत सौम्य कोबीसारखी चव येते आणि कडवटपणा जाणवत नाही. मार्च संपता संपता, विशेषतः सकाळी उशिरापर्यंत पूर्वेकडचे कोरडे वारे वाहतात, समुद्रावरचे खारे वारे उशिरा सुरू होतात आणि पारा ३७-३८ च्या पुढे जातो, तेव्हा पाने चिवट आणि कडू होऊ लागतात. हंगाम संपत आल्याची ती खूण समजावी.

आता वेळापत्रक. कोकणातून पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो. रोपे तयार होण्यास चार ते पाच आठवडे लागतात. त्यामुळे घटस्थापनेच्या आसपास, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आडोशाला बी टाकावे आणि दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरचा उकाडा ओसरताना, रोपे बाहेर लावावीत. ज्या वर्षी अधिक मास येऊन नवरात्र लांबते त्या वर्षी सणाकडे न पाहता तारखेकडे पाहावे. दुसरी तुकडी नोव्हेंबरच्या मध्यात टाकली तर ती डिसेंबरच्या मध्यात लावणीला येते आणि पहिल्या झाडांचा जोम उतरू लागतो तेव्हा हाताशी येते. डिसेंबरनंतर बी टाकू नये. झाड उमेदीला येण्याच्या सुमारासच उन्हाळा त्याला गाठतो. जूनमधील पेरणीविषयी तर बोलायलाच नको. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याहून बराच अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. एवढ्या ओलीत या कुळातील कोवळे रोप मुळाशी कुजल्याशिवाय राहत नाही. आपली रोपे गेली त्यात बियांचा दोष नव्हता.

जमिनीच्या कामाला पाऊस उघडण्यापूर्वीच लागावे, कारण त्याला वेळ द्यावा लागतो. जांभी माती आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) बहुधा ५ ते ६ च्या दरम्यान असतो. कोलार्डला ६ ते ६.८ सामू मानवतो. शतकानुशतकांच्या पावसाने या मातीतील चुना धुऊन गेलेला आहे आणि मागे राहिलेले लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) असे धरून ठेवतात की खत घालूनही झाडाला ते मिळत नाही. कोबीवर्गातील पिके चुन्याची भुकेली असतात, त्यामुळे वाल किंवा कुळथासारख्या काटक पिकाला जी जमीन चालून जाते ती यांना चालत नाही. रोपे जगतात, पण वीतभर उंचीवर खुंटून राहतात आणि खालची पाने जांभळट होतात. हे दृश्य पाहून लोक युरिया घालतात, आणि त्याने काहीच साधत नाही, कारण कमतरता नत्राची नसून स्फुरदाची असते.

शक्य असल्यास आधी माती तपासून घ्यावी, दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे याबाबत मार्गदर्शन करतात. तपासणी झाली नसेल तर जांभ्या जमिनीला दर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट हे प्रमाण सुरक्षित आहे. किनाऱ्यावर शिंपल्या भाजून केलेला चुना मिळतो. तो चालतो, पण तो तीव्र असल्याने निम्मा घ्यावा आणि पूर्ण विरलेला असावा. चुना मातीत वीतभर खोल मिसळून लावणीपूर्वी किमान तीन आठवडे राहू द्यावा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नयेत, कारण त्यांच्या संयोगाने खतातील नत्र वायुरूपाने उडून जाते. चुलीतील लाकडाची राखही आम्लता कमी करते आणि पालाश देते, परंतु तिच्यावरच विसंबून चालणार नाही; तिचा उपयोग पुढे अधूनमधून बुंध्याभोवती मूठभर टाकण्यासाठी ठेवावा.

चुन्यानंतर तीन आठवड्यांनी चौरस मीटरला अडीच-तीन किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि त्या शेणखतातच ४० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट कालवावे. स्फुरद सगळ्या वाफ्यावर विस्कटून टाकण्यापेक्षा शेणखतात कालवून रोपाच्या खड्ड्यात दिले तर मातीतील लोहाशी त्याचा संबंध कमी येतो आणि ते मुळांच्या वाट्याला येते. बोरॉनचीही या जमिनीत अनेकदा कमतरता असते. दांडा आतून पोकळ आणि तपकिरी पडू लागला तर ती त्याची खूण होय. त्यासाठी चौरस मीटरला एक ते दीड ग्रॅम बोरॅक्स, तोही वाळूत मिसळून, एकदाच द्यावा. चिमूटभर जास्त झाल्यास तो विषासारखा वागतो, म्हणून अंदाजाने टाकू नये. मासळीचे खत पुष्कळ आगरांत वापरतात. त्यातील मीठ धुऊन, पूर्ण कुजवून दिले तर ते उत्तम, नाहीतर कुत्री वाफा उकरतात आणि पानांच्या कडा करपतात.

वाफे गादीचेच असावेत: एक मीटर रुंद, वीतभर उंच. कातळावर माती थोडी असेल तर कडेने चिऱ्यांचे तुकडे रचून उंची वाढवावी. कोलार्डला किमान ३० सेंटिमीटर भुसभुशीत माती हवी. भात कापून रिकामे झालेले कुणगे पाहून मोह होतो, पण त्यांत मार्गशीर्षापर्यंत ओल टिकून राहते. ती ओल वालाला वरदान असते, कोलार्डच्या मुळांना मात्र जाचते. तेथे लावायचेच असेल तर चर काढून वाफा आणखी उंच करावा. आगरातील जागा निवडताना नारळाच्या झावळ्यांची सावली दिवसाच्या कोणत्या भागात पडते ते पाहावे. दुपारनंतरची सावली लाभदायक असते, सकाळचे ऊन मात्र पाच-सहा तास थेट मिळायलाच हवे. पोफळीखालची दाट सावली चालणार नाही. समुद्रासमोरच्या उघड्या जागेपेक्षा गडग्याच्या आडोशाची जागा बरी.

रोपांसाठी प्रोट्रे (रोपे वाढवण्याचा कप्प्यांचा ट्रे) किंवा साधी कुंडी घेऊन तिच्यात निम्मा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मे गांडूळखत भरावे. बी एक सेंटिमीटर खोल टाकावे. चार ते सात दिवसांत ते उगवते. पडवीत किंवा प्लास्टिकच्या छपराखाली ठेवावे म्हणजे परतीचा पाऊस झोडपणार नाही, पण उजेड मात्र भरपूर हवा, अन्यथा रोपे उजेडाकडे मान काढून लांबट आणि दुबळी होतात. पाणी सकाळीच आणि बेताने द्यावे. रोपे मातीलगत बारीक होऊन कोलमडण्याचा जो रोग आहे तो संध्याकाळच्या पाण्याने आणि दाट पेरणीने बळावतो; ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी शेणखतात मिसळून वापरल्यास तो बराच आटोक्यात राहतो. या दिवसांत गोगलगायी रात्रीतून सगळी रोपे फस्त करतात, तेव्हा प्रोट्रे जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवावेत आणि जवळपास ओले गोणपाट अंथरून सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

रोपाला चार-पाच खरी पाने आली की ते लावणीला तयार झाले. संध्याकाळी लावावे, दोन रोपांत आणि दोन ओळींत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे, आणि रोप पहिल्या खऱ्या पानांपर्यंत खोल बसवून बुंध्याची माती बोटांनी घट्ट दाबावी. दाबली की नाही हे पाहण्यासाठी एक पान धरून हलकेच ओढावे. पान फाटले पण रोप हलले नाही तर लावणी नीट झाली. पहिले चार-पाच दिवस झावळीचे तुकडे दक्षिण-पश्चिमेकडून तिरके रोवून सावली करावी. चार माणसांच्या घराला दहा-बारा झाडे पुरतात. दोन गुंठ्यांत कोलार्डच लावण्याची गरज नाही.

जांभ्या मातीतून पाणी लवकर खाली जाते, म्हणून आठवड्यातून एकदा भरपूर शिंपण्यापेक्षा दिवसाआड थोडे देणे हिताचे. ठिबक असल्यास उत्तम, नाहीतर पाटाने द्यावे, पण झारीने पानांवरून ओतू नये. बुंध्याभोवती आगरातल्या पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पाल्याचा, तीन-चार बोटे जाड थर द्यावा. पेंढा गुरांसाठी लागतो, तो यात घालवण्याचे कारण नाही. पातेऱ्याखाली वाळवी येते, म्हणून दांड्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी फाल्गुनानंतर मचूळ होते, आणि कोबीवर्गातील पिकांना खारटपणा फार सोसत नाही. पानांच्या कडा कागदासारख्या वाळू लागल्या तर आधी विहिरीच्या पाण्याची चव घेऊन पाहावी, मग रोगाचा संशय घ्यावा. नत्र एकदम न देता तीन-चार आठवड्यांनी थोडे थोडे द्यावे: एकतर शेणाची पातळ स्लरी किंवा चौरस मीटरला दहा ग्रॅमपर्यंत युरिया. पाने तोडत राहणारे पीक असल्याने नत्राची भूक मोठी असते, पण नत्र जास्त झाले की पाने लुसलुशीत होऊन मावा धावून येतो.

किडींपैकी दोन ओळखता आल्या तरी पुष्कळ झाले. पहिली चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. ती जेमतेम एक सेंटिमीटर लांब, फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती असते. पानाच्या खालच्या बाजूने हिरवा भाग खरवडून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानाला पारदर्शक खिडक्या पडलेल्या दिसतात. बोट लावताच ती वळवळत मागे सरकते आणि बारीक धाग्यावर लोंबकळते. एवढ्यावरून ती निश्चित ओळखावी. आपल्या उबदार हवेत तिची पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते, आणि कीटकनाशकांना न जुमानण्यात जगात तिचा हात धरणारी कीड क्वचितच असेल. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जैविक औषधालाही शेतात प्रतिकार करणारी पहिली कीड हीच. म्हणून औषधाच्या बाटलीवर भिस्त ठेवू नये. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोबीसाठी सुचवलेली मोहरीच्या सापळा पिकाची पद्धत येथेही उपयोगी पडते: वाफ्याच्या कडेने एक ओळ मोहरी लावणीच्या पंधरा दिवस आधी आणि दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी पेरावी. पतंग मोहरीकडे ओढले जातात. तिथल्या अळ्या मारत राहाव्या लागतात, नाहीतर मोहरी सापळा न राहता कीड पोसण्याची जागा होऊन बसते.

कोलार्डवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळ्यांच्या गराची पूड रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा साबण घालून. साबण विसरू नये. या पानावर मेणाचा थर इतका दाट असतो की नुसते पाणी अळवाच्या पानावरल्यासारखे घरंगळून जाते आणि फवारणी केली काय, न केली काय, सारखेच होते. कोकणात कडुनिंब देशावरच्या मानाने कमीच, त्यामुळे निंबोळ्या विकत आणाव्या लागतात. गरज पडल्यास मध्ये एखादी बॅसिलस थुरिंजिएन्सिसची फवारणी, संध्याकाळी, पानांच्या खालून करावी. दर आठवड्याला पाने तोडून ताटात वाढायची असताना रासायनिक कीटकनाशक मारणे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही. त्याचा प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस, पाळायचा म्हटले तर तोडाच थांबवावा लागतो.

दुसरी कीड मावा. मळभ आले की करड्या रंगाचा, पीठ भुरभुरल्यासारखा मावा शेंड्याच्या कोवळ्या पानांत जमतो. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा आणि फार भरलेले पान तोडून जाळावे. ठिपक्यांचे लालभडक भुंगेरे आणि त्यांच्या काळ्या, काटेरी दिसणाऱ्या अळ्या त्यात फिरताना दिसल्या तर फवारणी थांबवावी, कारण त्या मावाच खात असतात. दहा-बारा झाडांसाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे बांबूच्या कमानींवर बारीक छिद्रांची जाळी टाकणे. ती लावणीच्या दिवशीच टाकली आणि कडा मातीत दाबल्या तर पतंग अंडीच घालू शकत नाही. मोकाट गुरांपासूनही तिने थोडेफार रक्षण होते. माकडे आणि वानर तिला जुमानतीलच असे नाही.

रोगांत घाण्या रोग सर्वांत वाईट. पानाच्या कडेपासून आत येणारा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा पिवळा डाग, त्यातल्या शिरा काळ्या, आणि देठ आडवा मोडून पाहिल्यास आत काळे ठिपके, ही त्याची लक्षणे आहेत. तो जिवाणूंचा रोग आहे. पहाटे पानांच्या कडांवर जे पाण्याचे थेंब दिसतात, त्या थेंबांच्या वाटेनेच हे जिवाणू पानात शिरतात, आणि ओल्या पानांतून फिरणारा माणूस आपल्या हातांनी व कपड्यांनी ते झाडोझाडी नेतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत दव वाळेपर्यंत वाफ्यात शिरूच नये. बाधित झाड मुळासकट उपटून जाळावे, खताच्या खड्ड्यात टाकू नये, आणि त्या वाफ्यात दोन-तीन वर्षे कोबी, नवलकोल, मुळा, मोहरी यांपैकी काही घेऊ नये. भात, चवळी, कुळीथ, माठ खुशाल घ्यावे.

हा रोग बियांतून येतो, आणि म्हणून आपल्या पाकिटाविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. परदेशातून बियाणे आणण्यासाठी वनस्पती विलगीकरणाच्या २००३ च्या आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. भेट म्हणून आणलेले लहान पाकीटही त्यातून सुटत नाही. हा नियम नुसता कागदी नाही, कारण एका पाकिटातून आलेला जिवाणू शेजाऱ्याच्या कोबीपर्यंत जाऊ शकतो. भारतात बियाणे विकणाऱ्यांकडे जॉर्जिया किंवा व्हेट्स हे वाण अधूनमधून मिळतात, आणि काश्मिरी हाकाचे बी, त्यातही खन्यारी हाकाचे, मागवता येते. जॉर्जिया उंच वाढतो, उष्णता आणि हलकी जमीन अधिक सोसतो, म्हणून माझी पहिली पसंती त्याला आहे. व्हेट्स ठेंगणा आहे, वाऱ्याच्या जागी तो बरा. हाकाची पाने कोवळी आणि चवीला सरस असतात, पण उकाड्यात तो लवकर थकतो. दापोलीकडच्या किंवा घाटाच्या पायथ्याच्या लोकांनी तो आवर्जून लावावा. कोणत्याही बियांना पेरणीपूर्वी ५० अंश तापमानाच्या पाण्यात २० मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावे आणि सावलीत वाळवावे. यासाठी तापमापक हवाच. पाच अंश जास्त झाले तर उगवण जाते, पाच अंश कमी झाले तर जिवाणू मरत नाही. औषध लावलेल्या रंगीत बियांना ही प्रक्रिया करू नये.

लावणीनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तोडा सुरू होतो. दव वाळल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी, तळहाताहून थोडे मोठे झालेले खालचे पान देठाशी धरून खाली आणि किंचित बाजूला दाबावे. ते कट् असा आवाज करून सालीसकट न सोलता सुटते. देठ न मोडता वाकत असेल तर ते पान जून झाले असे समजून गुरांना घालावे. शेंडा आणि वरची पाच-सहा पाने कधीही तोडू नयेत. जोमदार झाड आठवड्याला तीन-चार पाने देते. तोडलेली पाने लगेच गार पाण्यात बुडवावीत, आपल्या हवेत ती तासाभरात मलूल होतात. मधली जाड शीर काढून, पानांची गुंडाळी करून अगदी बारीक चिरावी. ओल्या खोबऱ्याची भाजी होते, सुकट घालूनही छान लागते, आणि पान सपाट असल्याने त्याच्या वड्याही वळता येतात. पानांत ‘के’ जीवनसत्त्व फार असते, तेव्हा रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ही भाजी रोजच्या जेवणात आणावी. विक्रीसाठी मोठी लागवड करण्याचा सल्ला मी आज देणार नाही. गुहागर-चिपळूणच्या बाजारात हिला गिऱ्हाईक नाही, आणि ही पाने पुण्या-मुंबईला नेईपर्यंत टवटवीत राहत नाहीत.

राहिला प्रश्न बियांचा. फुले येण्याइतकी थंडी नसल्याने बी घरचे धरता येणार नाही. काश्मीर खोऱ्यात ते धरते, कारण तेथे झाड हिवाळा सोसून वसंतात फुलते. शीतगृहात झाडे ठेवून फुलवण्याचे प्रयोग घरगुती पातळीवर परवडणारे नाहीत. मात्र झाड टिकवता येते. एप्रिलमध्ये सर्वांत निरोगी दोन-तीन झाडांचा शेंडा छाटला की दांड्यावर बगलफुटवे येतात. ते वीतभर झाले की देठाजवळून काढून, दोन पाने ठेवून बाकीची खुडून, ओलसर वाळू आणि कोकोपीटच्या पिशवीत सावलीला लावावेत. निरोगी झाडाचे असतील तर तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. या पिशव्या पावसाळाभर पडवीच्या कडेला, जेथे उजेड येतो पण पागोळ्यांचे पाणी पडत नाही अशा जागी ठेवाव्यात आणि पाणी अगदी हात आखडून द्यावे. सगळ्या जगणार नाहीत. म्हणून चार हव्या असतील तर दहा कराव्यात. जी जगतील ती ऑक्टोबरमध्ये बियांच्या रोपांच्या बरोबरीने लावता येतात आणि त्यांचा तोडा आधी सुरू होतो. घाण्या रोगाची शंका आलेल्या झाडाचा फुटवा मात्र चुकूनही घेऊ नये.

पाकिटात उरलेले विकतचे बी आपल्या पावसाळी दमट हवेत उघडे राहिले तर एका हंगामात निकामी होते, आणि कोरडे राहिले तर तीन-चार वर्षे उगवते. ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची लहान पुरचुंडी ठेवून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. बाटली बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर गार बियांवर दमट हवेचे पाणी साचते. सप्टेंबरमध्ये पेरणीपूर्वी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत. आठवड्यात चौदा-पंधरा उगवले तर नेहमीच्या मानाने पेरावे, दहाच्या आत उगवले तर दुप्पट पेरावे, आणि पाच-सहाच उगवले तर नवे बी मागवावे.